भगवंतकाका जेवायला येणार होते

रविवारी सकाळी माधवीनं कुकर लावला तेव्हा जेवायला पाच माणसं होती. साडेअकराला शिवराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हसू आवरत म्हणाला, "एक पान वाढव."

"कुणाचं?"

"ओळख."

"मी भाजी निवडायलेय. कोडी घालू नका."

"भगवंतकाका! आत्ता जाऊन आणतो अंबरपेठेहून. अक्काला सांगू नको. आली की समोर काका."

माधवीच्या हातात अंबाडीची जुडी तशीच राहिली. "पंच्याऐंशीचे झाले की हो ते. कशाला उगी परेशान करता त्यांना?"

"अगं, अक्काला सगळ्या डॉक्टरांचीच भीती. मग ओळखीचा डॉक्टर हवा की नाही? काकांनी तिला एवढीशी असल्यापासून बघितलंय. ते म्हणाले 'बाई, करून घे', तर करून घेईल ती. तुझं-माझं ऐकते का?"

ऐकत नव्हती, हे खरंच होतं. आज सगळे नल्लकुंट्याच्या ह्या फ्लॅटवर जमणार होते ते त्यासाठीच. त्रिवेणी शिवराजची थोरली बहीण, चौपन्न वर्षांची. नारायणगुड्याच्या शाळेत गणित शिकवते आणि चाळीस पोरींचा वर्ग एका नजरेत गप्प करते. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. संक्रांतीनंतर पुन्हा रक्त दिसायला लागलं. ते तिनं दोन महिने कुणाला सांगितलं नाही. तन्वीनं, तिच्या लेकीनं, ते धुण्यात पाहिलं. सोनोग्राफीत आतलं अस्तर जाड झालेलं निघालं. तुकडा काढून तपासल्याशिवाय काही सांगता यायचं नाही, आणि उशीर करू नका, असं डॉक्टर अनुराधा म्हणाल्या होत्या. त्याला आता सहा आठवडे होत आले. त्रिवेणी दोनदा गेली आणि दोनदा पळून आली. दुसऱ्या वेळी तर दवाखान्याचा हिरवा झगा अंगावर ठेवूनच रस्त्यावर आली. मागं माधवी, काखेत नणंदेची साडी. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ अम्मा, अंदर आग लगी क्या?"

हा किस्सा माधवीनं घरी हसून सांगितला होता. सगळे हसले होते. तन्वीच्या जन्माच्या वेळी अक्कानं नर्सच्या हाताला चावा घेतला होता, त्या जुन्या किश्श्याशेजारी हा नवा जाऊन बसला.

अंबाडी निवडता निवडता माधवीच्या मनात आलं, ह्या घरात येऊन आपल्याला अठ्ठावीस वर्षं झाली. भगवंतकाका आले आणि अक्का त्याच खोलीत बसून राहिल्या, असं एकदाही आठवत नाही. गच्चीवर काहीतरी वाळत घालायचं असायचं, नाहीतर पेपर तपासायचे असायचे. एवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली, म्हणून तिनं तो विचार बाजूला ठेवला.

*

ह्या घरात दवाखान्यात कुणी एकटं जात नाही. शिवराजच्या वडिलांच्या, केशवरावांच्या, मोतीबिंदूला नऊ माणसं गेली होती, डबे घेऊन. आणि आत गेल्यावर आजारी माणसानं फक्त जीभ दाखवायची, बोलायचं घरच्यांनी. केशवराव गेल्यापासून ते काम शिवराजकडं आलं होतं. डॉक्टर अनुराधांच्या खोलीत खुर्ची पुढं ओढून तोच म्हणाला होता, "आम्हाला दोन महिने झाले, अंगावरून जातंय."

डॉक्टरीण पुण्याची. तिनं चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला?"

त्यावरही घरी पुष्कळ हसून झालं होतं.

लेकराला एकटं पाठवावं असा एकच दवाखाना ह्या घराला ठाऊक होता: बरकतपुऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी, भगवंतरावांचा. कारण तो काही दवाखाना नव्हे, घरचंच. भगवंतराव केशवरावांच्या गावचे, उदगीरकडचे, दोघं एकाच वर्षी हैदराबादला आलेले.

शिवराजची आई पद्मावती हॉलमध्ये खिडकीशी बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, कान शाबूत. लिफ्टचं दार वाजलं आणि शिवराजचा आवाज आला, "सावकाश, काका, सावकाश," तेव्हा त्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

"वहिनी!" भगवंतराव आत आले. पांढरा सफारी, अंगाला डेटॉलचा वास. ते केशवरावांच्या खुर्चीत बसले. दुसरीकडं ते कधी बसतच नसत. "गुडघे काय म्हणतात?"

"आहेत," पद्मावती म्हणाल्या.

"माय, कसं सरप्राईज?" शिवराज म्हणाला. "अक्काला समजवायला आणलंय."

पद्मावतींनी लेकाकडं पाहिलं. चांगला उंचापुरा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोळ्यांत लहान पोरासारखा आनंद. तो चार वर्षांचा असताना घटसर्पानं त्याचा गळा बंद होत आला होता, तेव्हा ह्याच माणसानं तीन दिवस त्याच्या उशाशी बसून त्याला परत आणला. ते पद्मावती विसरल्या नव्हत्या. विसरता आलं असतं तर सगळंच सोपं झालं असतं.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्रिवेणीच्या टॉन्सिल्स. आठवड्यातून तीनदा ती औषधाची बाटली घेऊन ह्यांच्या दवाखान्यात जायची. परत आली की पोरगी कुणाशी न बोलता न्हाणीत जाऊन बसायची, पाणी संपेपर्यंत. पद्मावती ओरडायच्या, नळाला पाणी नाही अन् हिचं काय चाललंय. दोन वर्षं असं चाललं. मग एक दिवस ती म्हणाली, "माय, मी आता आजारी पडणार नाही."

"असं कुणी ठरवतं का, येडे?"

"मी ठरवलंय."

आणि खरंच ती पडली नाही. ताप लपवायची. विषमज्वर आठ दिवस अंगावर काढला आणि शाळेत चक्कर येऊन पडली. तेव्हा पद्मावतींनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि त्यांना काहीतरी कळलं. किती कळलं, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. त्यांनी काढा केला. पुढं प्रत्येक तापाला काढाच केला, आणि थोरलीला त्या दारात पुन्हा पाठवलं नाही. आपण लेकीला वाचवलं, असं त्या मनाशी म्हणत आल्या होत्या. एक लेकरू ज्या हातांनी परत आणलं त्याच हातांचं काय करायचं, हे ठरवणं त्यांच्यानं झालं नव्हतं.

बेल वाजली. माधवीनं दार उघडलं.

*

त्रिवेणीनं वाटेत तन्वीला बजावून ठेवलं होतं: मामा भाषण करेल, मामी रडेल, आजी देवाचं नाव घेईल, आपण हौ हौ म्हणायचं, जेवायचं आणि निघायचं. तन्वी म्हणाली होती, "आणि टेस्टचं काय, आई?" त्यावर त्रिवेणी म्हणाली, बघू.

तिला टेस्ट नको होती असं नाही. हे कुणाला सांगून पटलं नसतं, पण तिला डॉक्टर हवा होता, कित्येक वर्षांपासून. शाळेतल्या बायका मधल्या सुट्टीत "आमच्या डॉक्टरीणबाई" असं म्हणायच्या, लाडानं, तक्रारीच्या सुरात, माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तशा. त्रिवेणी डबा खात ऐकायची. आपलीही एखादी असती. तिच्यापुढं जाऊन बसावं, दुखतं तिथं बोट ठेवावं, आणि घरी येऊन शेजारणीला सांगावं की आमच्या बाई काय म्हणाल्या माहितीये का. तिच्या वाट्याला मेडिकलच्या दुकानाचं काउंटर आलं. काउंटरच्या पलीकडचा माणूस हात लांब करत नाही. कंबर, पोट, छाती, सगळं तिनं उभ्यानं सांगितलं, गोळ्या घेतल्या, आणि आजवर निभावलं.

ती हॉलमध्ये आली आणि खुर्चीतला माणूस तिला दिसला.

"ये, ये बाळा," भगवंतराव म्हणाले. "किती दिवसांनी! काय म्हणतो शिवराज, डॉक्टरला घाबरतेस? आमच्या हाताखाली वाढलेली पोरगी तू!" ते हसले. मग त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर. "बस इथं. आधी नाडी बघू."

सगळे हसतमुखानं बघत होते. शिवराज तर मोबाईल काढून फोटोच्या तयारीत होता.

त्रिवेणीचे दोन्ही हात पाठीमागं गेले. ते कधी गेले ते तिला कळलं नाही. चौपन्न वर्षांची बाई, आणि तिला फक्त एवढंच सुचत होतं की न्हाणी कुठं आहे.

"अक्का, काय लेकरागत करायलीस?" शिवराज म्हणाला. "नाडी तर बघायलेत."

"नको."

"अगं, मोठं माणूस एवढ्या उन्हाचं आलंय—"

"शिवराज," पद्मावती म्हणाल्या, "ह्यांना घरी सोडून ये."

"हां, जेवण झालं की—"

"जेवण नाही. आत्ता."

माधवी ताटं घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

"वहिनी?" भगवंतरावांचा हात अजून पुढंच होता. "माझं काही चुकलं का?"

"तिला हात लावायचा नाही," पद्मावती म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजीवाल्याला नको म्हणावं तसा होता. "आज नाही. परत नाही. आणि ह्या खुर्चीत बसायचं नाही. माझ्या घरात तुम्ही शेवटचे आलात."

"माय!" शिवराज ओरडला. "काय बोलायलीस? वय काय त्यांचं, इज्जत काय त्यांची!"

"घटसर्पातून वाचवलं त्याचे उपकार मी रोज देवापुढं मोजलेत," म्हातारी म्हणाली. "पण ते तुझे आहेत. तिच्याकडून कशाला वसूल केले, ते त्यांना विचार खाली गेल्यावर."

भगवंतरावांनी पुढं केलेला हात हळूच मांडीवर घेतला. त्यांनी विचारलं नाही की म्हणजे काय. शिवराजच्या आधी ते माधवीच्या ध्यानात आलं: निर्दोष माणसानं हे विचारलं असतं.

*

खाली जाताना लिफ्टमध्ये दोघंच होते. शिवराजनं सवयीनं काकांचा दंड धरला होता.

"तुझी बहीण लहानपणापासून हट्टी," भगवंतराव म्हणाले. "काहीतरी मनात घेऊन बसते. वहिनींचंही आता वय झालं."

शिवराज आकड्यांकडं बघत होता. तीन. दोन. त्याला काकांवर विश्वास ठेवायचा होता. वडिलांनी कधी मारलं तर तो धावत ह्यांच्याकडं जायचा. हे त्याला खिशातून लिमलेटची गोळी द्यायचे. ती गोळी त्याच्या तोंडात आजही गोड होती.

"माय काय म्हणाली, काका?"

"म्हटलं ना, वय झालं."

"ती काय म्हणाली, ते तुम्हाला कळलं ना?"

भगवंतराव म्हणाले, "जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होतंय, बेटा?"

लिफ्ट थांबली. शिवराजनं दंड सोडला. तो त्यांना घेऊन गाडीपर्यंत गेला नाही. गेटवर उभं राहून मोबाईलवरून रिक्षा मागवली, ती येईपर्यंत पाच पावलं लांब उभा राहिला. रिक्षा आल्यावर चढताना म्हाताऱ्यानं आधाराला हात पुढं केला. तो हात शिवराजला दिसला. वॉचमननं धरला.

*

मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि तुळस. त्रिवेणी दोन्हींच्या मधल्या जागेत उभी होती. पद्मावती भिंत धरत धरत तिथवर आल्या.

"आता तो यायचा नाही," त्या म्हणाल्या.

"तुला ठाऊक होतं."

पद्मावतींनी तुळशीचं एक सुकलेलं पान खुडलं.

"माय, तुला ठाऊक होतं!"

"पुरतं नव्हतं."

"पुरतं म्हणजे किती? अर्धं? पाऊण?"

"मी तुला पाठवणं बंद केलं की नाही? काढे केले. रात-रात पाय चेपत बसले."

"आणि चहा?"

"कसला चहा?"

"दर रविवारी त्याला चहा. आल्याचा. मीच नेऊन द्यायची, तू हातात द्यायचीस! तो नाही बंद केलास."

पद्मावती मशीनशेजारच्या स्टुलावर टेकल्या. खाली गल्लीत आंबेवाला ओरडत होता, बेनिशान, बेनिशान.

"मी रोज ठरवायचे," त्रिवेणी म्हणाली. आता तिचा आवाज शाळेतला नव्हता. "शाळेतून येताना ठरवायचे, आज मायनं विचारलं तर सांगायचं. तू पोळ्या करत असायचीस. मी मुद्दाम जवळ येऊन बसायचे. तू म्हणायचीस, सरक, चटका बसेल. दहावी झाली. लग्न झालं. बाळंतपणाला आले तेव्हाही वाटलं, आता विचारेल, तेल लावताना विचारेल. मग मी मनाला समजावलं: तिला बिचारीला ठाऊकच नाही. ठाऊक असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली, माय. तू डोक्यावर न घेतलेल्या त्या घरावर."

"विचारायची हिंमत नव्हती," पद्मावती म्हणाल्या. "तू सांगशील, हीच भीती. सांगितलंस तर काही करावं लागलं असतं. तुझ्या बापाला त्याच्याशिवाय ह्या गावात कुणी नव्हतं. मी कुठं जाणार होते दोन लेकरं घेऊन?"

"मला घेऊन कुठं जायला नको होतं. नुसतं विचारायचं होतं."

पद्मावतींनी हात पुढं केला, मग लेकीकडं पाहून तो मधेच थांबवला.

"आता विचारू?"

त्रिवेणी तुळशीकडं वळली. "आता तुला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता मला कशाला विचारतेस."

ती आत गेली. म्हातारी तिथंच बसून राहिली. आंबेवाला गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत.

*

जेवायला सगळे बसले, कारण वाढलेलं टाकायची ह्या घरात पद्धत नाही. अंबाडी गार झाली होती, खट्ट्या दाळीवर साय आली होती. सहावं पान माधवीनं न बोलता उचलून ठेवलं.

तन्वी ताटात बोट फिरवत होती. आतल्या खोलीतून तिनं पुष्कळ ऐकलं होतं. "आई," ती म्हणाली, "ते नर्सला चावलीस ते…"

"हौ."

"मी सगळ्यांना सांगते ती स्टोरी. कॉलेजमध्ये सांगितली, ऑफिसमध्ये सांगितली. लोक हसतात."

"सांग की. चांगली स्टोरी आहे. नर्स न सांगता आली होती, पायांकडून. मला तिचा चेहरा दिसत नव्हता." त्रिवेणीनं भाकरीचा तुकडा मोडला. "बिचारीला टाके पडले."

कुणी हसलं नाही. मग माधवीच रडायला लागली, ठरल्याप्रमाणे; पण वेगळ्या कारणासाठी. "अक्का, झग्याचं मी हसत हसत सांगितलं हो सगळ्यांना. मला काय ठाऊक."

"तू माझी साडी घेऊन धावलीस, माधवी. तेवढं मला ठाऊक आहे. दाळ वाढ."

तन्वी म्हणाली, "पण त्या डॉक्टरना हे माहीत पाहिजे. त्यांना वाटतंय आई नुसती घाबरट आहे. सांगायला पाहिजे कुणीतरी."

"मी सां—" शिवराज म्हणाला. वर आल्यापासूनचा तो त्याचा पहिला शब्द होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं, घास गिळला, डोळे खाली घातले.

"मी सांगते," त्रिवेणी म्हणाली.

*

गुरुवारी दवाखान्यात तरीही सगळे आले. डबा आला, पाण्याच्या बाटल्या आल्या, मोडकी छत्रीसुद्धा आली. सवयी एका रविवारात जात नाहीत. पद्मावतींना शिवराजनं व्हीलचेअरवरून आणलं. मायलेकी रविवारनंतर एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. नर्सनं नाव पुकारलं तेव्हा शिवराज अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

त्रिवेणी एकटी आत गेली.

"या," डॉक्टर अनुराधा म्हणाल्या. "आज भाऊ नाहीत?"

"आहेत. बाहेर. आज त्यांना बरं आहे."

डॉक्टरीण हसली. मग थांबली, कारण समोरची बाई टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"दहा वर्षांची होते," त्रिवेणी म्हणाली. "डॉक्टर होता. घरचा. दोन वर्षं."

गणिताच्या बाईंनी मधल्या पायऱ्या गाळल्या होत्या, पण उत्तर पूर्ण होतं. चव्वेचाळीस वर्षं ज्याची तयारी केली ते दहा सेकंदांत संपलं. खोलीत काही पडलं नाही, फुटलं नाही. एसीचा आवाज तसाच चालू राहिला.

डॉक्टरीणबाईंनी फाईल ओढली, एक पान उलटलं आणि त्रिवेणीकडं फिरवून धरलं. "हे मागच्या वेळी मी लिहिलं होतं. 'पेशंट सहकार्य करत नाही.'" त्यांनी पेन घेतलं आणि त्या ओळीवर रेघ मारली. "तुम्ही झग्यावर रस्त्यावर गेलात, तेव्हा मी विचारायला हवं होतं, का. मी पुढचा पेशंट बोलावला. चुकलं माझं."

विचारायला हवं होतं. त्रिवेणीनं हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा न मागता ऐकलं. तिला वाटलं उठावं, बाहेर जाऊन कुणालातरी सांगावं, आमच्या बाई काय म्हणाल्या माहितीये का.

"आज नुसतं बोललो तरी चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात करू. हवं तर भूल देऊन करू, तुम्हाला काही कळणारच नाही."

"भूल नको. न कळलेलंच नको मला. आणि आजच करा. आज गेले तर मी परत येणार नाही. मला मी ठाऊक आहे."

"बरं. मग असं. साडी काढायची नाही, वर सरकवा फक्त. मी तुमच्या समोर उभी राहीन, चेहरा दिसेल अशी. प्रत्येक गोष्ट आधी सांगेन, मग करेन. तुम्ही थांबा म्हणालात की थांबेन. कारण विचारणार नाही." त्या उठल्या. "सोबत कुणी हवं आहे आत?"

बाहेर चौघं होती. माधवी आली असती. तिला गरम पाण्याची पिशवीसुद्धा आठवली असती. तन्वी आली असती. त्रिवेणीनं दार उघडलं. चौघांनी माना वर केल्या.

"माय, तू ये."

पद्मावती गोंधळल्या. "मी? माझं काय काम? माधवीला ने, तिला समजतं सगळं."

"माधवी नको."

"मला काय करता येणार गं तिथं?"

"काही करू नको. नुसती बस. आणि माझ्याकडं बघ. खाली बघायचं नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही. बघत बसायचं."

शिवराजनं खुर्ची आतपर्यंत ढकलली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

त्रिवेणी उताणी झाली. छत पांढरं होतं. डाव्या बाजूला आईचं तोंड, तिच्यापेक्षा भ्यालेलं. उजवीकडं पायांशी नव्हे, कंबरेशी उभ्या असलेल्या डॉक्टर, हातमोजे घालून.

"आता गुडघ्याला हात लावते. हात गार असेल."

"थांबा."

हात हवेत थांबला.

काही दुखलं नव्हतं. अजून स्पर्शही झाला नव्हता. तिला फक्त बघायचं होतं. ती त्या हाताकडं बघत राहिली. तो पुढं आला नाही. त्यानं 'काही नाही होत' म्हटलं नाही. तो वीतभर अंतरावर होता, आणि तिथंच राहिला.

"करू?" बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थांबा."

कोपऱ्यातली नर्स एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं नाही. पद्मावतींच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून हनुवटीवर आलं होतं. पुसायचं तर नजर काढावी लागली असती, म्हणून त्या पुसत नव्हत्या.

त्रिवेणीनं आईकडं पाहिलं. मग पुन्हा त्या थांबलेल्या हाताकडं. छातीत अडकलेला श्वास कुठूनतरी सुटला, इतका जुना की त्याचा आवाज तिलाच नवा वाटला.

"हां," ती म्हणाली. "करा आता."